‘कट्यार’मधून गाणी वजा केली की काय उरतं? (एका परीक्षणाच्या निमित्ताने)

पहिली_घंटा

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नुकताच ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. संस्था बाहेरगावची, नट-गायक तरुण, साथीला ऑर्गन आणि तबला, दोन्ही प्रत्यक्ष वाजत होते. त्यावर एका पुरवणीत परीक्षण आलंय. वाचलं नसेल त्यांच्यासाठी मथितार्थ असा: कथा जेमतेम, गाणी फार. तेच पद पुन्हा पुन्हा येतं. वन्स मोअरने रसभंग होतो. हिंदी-उर्दू चिजा आजच्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून जातात. दोन तासांत बसवलं असतं तर नाटक ‘आजचं’ वाटलं असतं. आणि जाता जाता छोट्या शहरांतल्या प्रेक्षकांच्या भाबड्या टाळ्यांवर एक चिमटा.

समीक्षकाला नाटक आवडलं नाही, हा त्यांचा हक्क. सगळ्यांना आवडलंच पाहिजे असं कुठलंच नाटक नसतं. माझं भांडण वेगळं आहे. या परीक्षणात आधी नाटकातून गाणी बाजूला काढली आहेत, मग उरलेल्या गद्याचं वजन केलंय आणि मग ते हलकं भरलं म्हणून नाराजी व्यक्त केली आहे. ते हलकं भरणारच. नाटककार दारव्हेकरांनी ते तसं वजन करायला लिहिलेलंच नाही.

जरा मागे जाऊ. ३१ ऑक्टोबर १८८० ला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं, १८८२ मध्ये ‘सौभद्र’. ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं आहेत. तिथे अर्जुनाला दुःख झालं की तो गातो, कृष्णाला रुक्मिणीचा रुसवा काढायचा असला की तो गातो. तिथे कुणी म्हणालं की गाण्यामुळे कथा थांबते, तर निदान वादाला जागा आहे. कारण अर्जुन काही पेशाने गवई नाही, तो नाटकाच्या रीतीप्रमाणे गातो.

‘कट्यार’मध्ये मात्र माणसंच गवई आहेत. एका संस्थानात राजगायकाच्या गादीसाठी दोन घराणी समोरासमोर आहेत. जिंकणाऱ्याला हवेली, मानाची कट्यार आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकरांची हवेली खाँसाहेब आफताब हुसेन यांच्याकडे जाते आणि पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव पुढे त्याच खाँसाहेबांचं गाणं चोरून ऐकतो. यातला कुठला प्रसंग गाणं वगळून सांगणार? स्पर्धा गाण्याची, चोरी गाण्याची, शिक्षा गाण्यासाठी. तलवारबाजीच्या नाटकाला कुणी म्हणत नाही की तलवारी फार आहेत, त्यामुळे कथा थांबते.

आता ‘तेच पद पुन्हा पुन्हा’. समीक्षकांचा रोख ‘घेई छंद मकरंद’वर आहे, हे स्पष्ट दिसतं. अहो, त्या नाटकाची कळ तिथेच आहे! शब्द तेच, चाली दोन. पंडितजींच्या वळणाची चाल धानी रागात, खाँसाहेबांची सालगवराळी रागात. पहिलीत पदातला भुंगा फुलापाशी थांबतो, रेंगाळतो. दुसरीत तोच भुंगा झडप घालतो. संगीतकार अभिषेकीबुवांनी दोन घराण्यांमधला फरक कुणाच्या तोंडी भाषण घालून सांगितला नाही, एकाच कवितेला दोन चाली लावून तो कानात उतरवला. ज्याला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही तेवढ्यात समजतं की ही दोन माणसं एका छपराखाली का राहू शकत नाहीत. आणि सदाशिव दोन्ही ओढींच्या मधे का सापडलाय, हेही समजतं. दुसऱ्यांदा आलेलं ते पद म्हणजे पुनरुक्ती नव्हे, उत्तर आहे. यातली एक चाल कापली तर उरतं ते फक्त एक गोड गाणं.

‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. खाँसाहेब हवेलीत पाऊल टाकतात आणि आधीच्या मालकाचे मवाळ सूर इथून जाऊ द्या म्हणतात. घराचा ताबा घेण्याचा हा प्रसंग आहे. गद्यात लिहायचा तर सामान हलवणारे चार नोकर आणि दोन पानं संवाद लागले असते. इथे एक पद लागलं आणि त्यात माणसाचा गर्व, मत्सर आणि खरोखरची विद्या, तिन्ही एकदम दिसली. याला कथा पुढे जाणं म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

नेपथ्य साधं होतं, हे खरं. दुसऱ्या अंकात एका नटाचा माइक खरखरत होता, हेही खरं. यावर परीक्षणात चांगलं अर्धं पान आहे. गाणं कसं झालं, यावर एक ओळ: ‘गायन श्रवणीय’. संगीत नाटकाच्या परीक्षणात!

तुमचं काय मत?

कडक_भाकरी

लई मोठं लिहिलाव मालक, पण बरोबर बोललाव. ‘गायन श्रवणीय’ वाचून मला बी हसू आलं. मग ते काय खायचं होतं का?

नवी_पेठ

मी परीक्षणाच्या बाजूने बोलणार आहे, आधीच सांगते.

प्रयोग मीही पाहिला. गाणी उत्तम झाली, वाद नाही. पण तुम्ही ज्या दोन जागा निवडल्या त्या नाटकातल्या सगळ्यात घट्ट जागा आहेत. त्यांच्या जोरावर अख्खं नाटक सुटत नाही. कविराज या पात्राचे लांबलचक संवाद, तेच तेच कोट्या करत येणारे प्रसंग, पदानंतर पुन्हा गद्यात तोच भाव समजावून सांगणं, याचं काय? गाण्याने सांगून झालंय हे तुमचंच म्हणणं आहे ना? मग त्यानंतरचं गद्य कापायला हरकत काय? समीक्षकांनी कात्री चुकीच्या जागी लावली असेल, पण कात्री हवीच.

दुसरं, उमा आणि झरीना. दोघीही गवयांच्या मुली. दोघींना गाणं येतं. तरी नाटकभर वारसा कुणाचा, तर पुरुषांचा. गादी कुणाची, कट्यार कुणाची, घराणं कुणाचं, सगळं पुरुषांत ठरतं. परीक्षणात यावर दोन ओळी आहेत आणि त्या मला पटल्या. त्यांचा उल्लेखच तुमच्या लेखात नाही.

आवडतं नाटक म्हणजे देवघर नव्हे.

पायपेटी

मी साथीला बसतो (या प्रयोगाला नव्हतो). म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

परीक्षणात ऑर्गन आणि तबलावाल्यांचा उल्लेख नाही. त्याचं वाईट वाटण्याचे दिवस गेले, सवय झाली. पण संगीत नाटक कसं चालतं हे त्याशिवाय कळत नाही, म्हणून सांगतो. गद्य संपत आलं की ऑर्गनवाला खालून हळूच सूर धरतो. प्रेक्षकाला तो बहुतेक वेळा जाणवतही नाही. नट शेवटचं वाक्य बोलताना त्या सुराकडे सरकतो आणि बोलता बोलता गाण्यात जातो. हा सांधा जमला तर गाणं ‘सुरू झालं’ असं वाटतच नाही. नाही जमला तर बोलणं थांबलं, मग पेटी वाजली, मग गाणं आलं, असे तीन तुकडे पडतात आणि मग खरंच कथा थांबल्यासारखी वाटते. समीक्षकांची तक्रार अशा एखाद्या प्रयोगाबद्दल असती तर मी मान डोलावली असती. पण इथले सांधे छान होते. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या पट्ट्या वेगळ्या. एकाला सूर देऊन होतो तोच दुसऱ्याचा द्यायचा, तोही संवाद चालू असताना. ऑर्गनवाल्याने एकदाही धांदल दिसू दिली नाही.

ध्वनिमुद्रित साथ लावून नाटक उरकणारेही आहेत. त्यात नटाने एखादी जागा लांबवायची ठरवली तर ट्रॅक थांबत नाही. या संस्थेने माणसं आणली, त्यांचा प्रवास, जेवण, मुक्काम केला. परीक्षणात त्याला एक शब्द मिळायला हवा होता.

@नवी_पेठ, गद्य कापायला माझी हरकत नाही. फक्त पदाच्या आधीची शेवटची दोन वाक्यं कापू नका, सूर धरायला जागा लागते. :)

पूर्वभाग

मला त्या ‘डोक्यावरून जातात’वर बोलायचंय.

आमच्या घरात तेलुगू. गल्लीच्या तोंडाशी दखनी. शाळा मराठी. अक्कलकोट रस्त्याला लागलं की कन्नड. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ‘सुरत पिया की’ कळणार नाही, असं कुणी लिहिलं की वाटतं, या माणसाने गाव पाहिलंय की फक्त स्टेशन ते थिएटर रिक्षाने गेलाय? खाँसाहेबांची ती उर्दू मिसळलेली बोली ऐकून आमच्याकडे लोक नाट्यमय वगैरे काही म्हणत नाहीत, रोजच ऐकतात. माझ्या रांगेत एक मामा होते, विडी कारखान्याच्या भागातले. खाँसाहेबांच्या एका वाक्याला अख्खं थिएटर गप्प असताना ते एकटेच ‘वाह’ म्हणाले आणि मग बाकीच्यांना ते वाक्य लक्षात आलं.

आणि एक. शब्द शंभर टक्के कळले तरच गाणं कळतं हे कुणी ठरवलं? माझ्या अव्वाला (आजीला) मराठी धड येत नव्हतं. रेडिओवर नाट्यपद लागलं की ती कामात थबकायची.

तिसरी_रांग

वन्स मोअरबद्दल मात्र मी समीक्षकांच्या बाजूने. दर दुसऱ्या पदाला मागून आरोळी. एका गृहस्थांनी तर ‘सूर निरागस हो’ची फर्माईश केली! शेजारचे म्हणाले, ते सिनेमात आहे हो. तर म्हणे, मग काय झालं, गाऊ द्या की. नाटक आहे का वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा?

कडक_भाकरी

ते गृहस्थ आमचे शेजारीच. नाव सांगत नाही.

पहिली_घंटा

@तिसरी_रांग, हसलो. पण गंमत अशी की हीच फर्माईश परीक्षणातही आहे, जरा सभ्य भाषेत. त्यांनी लिहिलंय की ‘लोकप्रिय गीतांची उणीव जाणवते’ आणि कंसात ‘सूर निरागस हो’, ‘मनमंदिरा’. ही दोन्ही गाणी २०१५ च्या चित्रपटासाठी नव्याने केलेली. नाटक आलं २४ डिसेंबर १९६७ ला, नाट्यसंपदा या संस्थेतर्फे. त्यात ही गाणी कुठून असणार? म्हणजे एकीकडे गाणी फार आणि दुसरीकडे नसलेली गाणी हवीत. चित्रपट चांगलाच होता, त्यामुळे माझ्या भाच्यासारखी कितीतरी पोरं नाटकापर्यंत आली, त्याचे उपकार आहेत. पण नाटक पाहताना चित्रपटाची यादी हातात धरून बसायचं आणि टिक करायचं, याला परीक्षण म्हणत नाहीत.

वन्स मोअरचं माझं मत अर्धंमुर्धं आहे, तेही सांगून टाकतो. या नाटकातल्या दरबारी प्रसंगांत आपण प्रेक्षक उरतच नाही, दरबार होतो. रंगमंचावर चार-पाच दरबारी बसवलेले असतात, बाकीचे आपण. तिथे दाद देणं, हात वर करणं, अगदी वन्स मोअरसुद्धा प्रसंगात मुरतं. खाँसाहेब आपल्याकडे बघून मान हलवतो तेव्हा तो सोलापूरच्या प्रेक्षकाला हलवतोय की संस्थानच्या दरबाराला, हे सांगता येत नाही आणि त्यातच मजा आहे. पण खाँसाहेब एकटा आहे, चिडलाय, सदाशिवावर संशय आहे, तिथे ‘वन्स मोअर’ म्हणजे भरल्या भांडणात कुणीतरी ‘पुन्हा भांडा’ म्हणण्यासारखं. तिथे मलाही राग येतो. परीक्षणात हा फरक असता तर मी स्वतःच ते परीक्षण कापून जपून ठेवलं असतं.

पायपेटी

वन्स मोअरचा अजून एक हिशेब आहे, गळ्याचा. खाँसाहेबाचं काम म्हणजे रात्रभरात सात-आठ वेगवेगळ्या रंगांचं गाणं, वर मोठमोठे संवाद, तेही चढ्या आवाजात. दुसऱ्या अंकात दोन वन्स मोअर घेतले की तिसऱ्या अंकात तार सप्तकात त्याची किंमत मोजावी लागते. शहाणा नट वन्स मोअर अख्खं पद घेत नाही, अंतरा घेतो आणि उतरतो. या मुलाने तसंच केलं. अनुभवाने लहान असून डोकं शांत.

जुना_प्रेक्षक

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. डोळ्यांमुळे टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

मी वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब पाहिले आहेत. त्या आठवणी उगाळून आजच्या मुलांना कमी लेखण्याची हौस मला नाही. फक्त एक गोष्ट या चर्चेत यायला हवी. परीक्षणात खाँसाहेब ‘एकरंगी खलनायक’ असल्याचे म्हटले आहे आणि त्यावरून नाटकात दोन धर्मांची बाजू लावून दिल्याचे सूचित केले आहे.

दारव्हेकर आणि अभिषेकी यांनी नाटकातली सर्वांत अवघड, सर्वांत देखणी पदे कुणाला दिली? खाँसाहेबांना. ‘तेजोनिधी लोहगोल’ कुणाचे? खाँसाहेबांचे. सूर्याला उद्देशून मराठीत गायलेले ते पद ऐकताना हा माणूस खल आहे हे आठवतसुद्धा नाही. ज्याचा तिरस्कार व्हावा असे लेखकाला वाटते त्याला तो असली पदे देत नाही. खाँसाहेबांचा दोष धर्माचा नाही, घराण्याच्या अहंकाराचा आहे. आणि ही भूमिका वसंतरावांनी करावी यात एक मौज होती. नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकलेले, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा राग घोटलेले, आयुष्यभर कुठल्याही एका घराण्याचा शिक्का लावून न घेतलेले वसंतराव घराण्यासाठी खून करायला निघालेल्या माणसाचे काम करीत. तो गर्व ते आतून ओळखून होते आणि त्यावर हसतही होते, असे मला तेव्हा वाटे.

दुसरे, झरीनेचे. मूळ संचातल्या झरीना म्हणजे फैयाज. त्या आपल्या सोलापूरच्या. पुढे २०१५ च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. भूमिका लांबीने लहान असेल, पण फैयाज रंगमंचावर असताना ती दुय्यम वाटत नसे. तरीही नवी_पेठ यांचा आक्षेप मी खोडून काढत नाही. तो भूमिकेच्या लेखनाविषयी आहे, आणि नटी कितीही मोठी असली तरी लेखन बदलत नाही.

आणखी एक, थोडे विषयांतर. प्रयोग ज्या वास्तूत झाला तिचे नाव ज्या हुतात्म्यांवरून आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. परीक्षण लिहिणाऱ्यांनी दाराशी लिहिलेले वाचले असेल-नसेल.

पूर्वभाग

आजोबा, फैयाजताई सोलापूरच्या हे मला माहीतच नव्हतं! त्यांचं ‘कोन्यात झोपली सतार’ आमच्या वडिलांचं आवडतं.

तिसरी_रांग

@जुना_प्रेक्षक, तुम्ही श्रीराम पुजारी सरांच्या घरच्या मैफलींना जायचात का? कुमार गंधर्वांसारखे लोक त्यांच्याकडे उतरायचे असं ऐकलंय.

जुना_प्रेक्षक

जात असे. बोलावणे असो वा नसो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे गाडी भलतीकडे जाईल.

नवी_पेठ

आजोबांचा खाँसाहेबांबद्दलचा मुद्दा पटला. ‘खलनायकाला सगळ्यात चांगली गाणी’ हा माझ्या लक्षात न आलेला भाग. परीक्षणातली ती ओळ उथळच होती.

पण पहिली_घंटा, उमा-झरीनावर तुम्ही अजून गप्पच आहात.

पहिली_घंटा

गप्प नाही, लिहायला वेळ मिळाला नाही.

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि नाटकाच्या वयाकडे बोट दाखवून मी तो टाळणार नाही. १९६७ म्हणजे काही फार जुना काळ नव्हे. हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर या सगळ्या त्याआधीच मोठ्या झालेल्या. बायका घराणं पुढे नेऊ शकतात हे मराठी श्रोत्याला माहीत होतं. तरी नाटकात विद्येचा वारसदार बाहेरून आलेला मुलगाच आहे. ही त्या कथेची मर्यादा आहे आणि राहील. समीक्षकांनी त्यावर दोन ओळींऐवजी दोन परिच्छेद लिहिले असते तर मी परीक्षणाला मानलं असतं. मला राग याचा की जो प्रश्न नाटकाच्या गाभ्याला भिडतो त्याला दोन ओळी, आणि पडद्याच्या सुरकुत्यांना अर्धं पान.

आता कात्री. तुम्ही म्हणता पदानंतर गद्यात तेच समजावून सांगतात. काही ठिकाणी आहे तसं. पण मग परीक्षणात लिहायचं ना, की गद्य कापा, गाण्यावर विश्वास ठेवा! त्यांनी उलटं सांगितलं. ‘पदे निम्मी करून कथेला गती द्यावी.’ हा सल्ला ऐकून कुणी दोन तासांची ‘कट्यार’ बसवली तर काय उरेल, मी सांगतो: संस्थान, कट्यार, संशय, सुटका. तेवढी गोष्ट कुठल्याही मालिकेत मिळते.

आणि पदांची संख्या कमी करण्याचं काम आधीच होऊन गेलंय, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. किर्लोस्करांच्या काळी नाटक रात्रभर चालायचं. पुढे गायक नटांनी एकेक पद तासभर आळवायची रीत पाडली, त्यात नाटक बुडालं, अशी टीका त्या काळीच झाली आणि ती बऱ्याच अंशी खरी होती. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’पासून अभिषेकींनी जे केलं ते हेच होतं. मोजकी पदं, आटोपशीर, प्रसंगाला चिकटलेली, भावाला नेमकी चाल. ‘कट्यार’मध्ये विषयच गाण्याचा म्हणून त्यांनी हात जरा सैल सोडला, एवढंच. म्हणजे शिंप्याने अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्याला हे म्हणतायत की बाह्या जास्त आहेत.

कडक_भाकरी

मालक, आता माझं बी ऐका. मला राग-बिग काय कळत नाही. धानी म्हणजे रंग का राग, तेबी तुमच्याकडनंच कळालं. बायकोनं तिकीट काढलं म्हणून गेलालो. पहिल्या अंकात दोनदा घड्याळ बघितलो. मग खाँसाहेबांचं ते भवनवालं गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण आमचा जुना वाडा विकला तवा घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी येऊन असंच केलालं. गाणं नाही म्हटलं, पण भिंतीवरचा आमच्या आजोबांचा खुंट्या असलेला लाकडी फळा काढून अंगणात ठिवला. तोंडानं काही वाईट बोलला नाही. पण आम्हाला कळालं. त्या गाण्यात तेच होतं. आता ह्याला कथा थांबली म्हणायचं का पुढं गेली, ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा. मी मध्यंतरात चहाला बी उठलो नाही.

नवी_पेठ

कडक_भाकरी, तुम्हीच परीक्षण लिहायला हवं होतं.

तिसरी_रांग

@कडक_भाकरी +१. आणि त्या ‘भाबड्या टाळ्यां’वर कुणीच काही बोललं नाही अजून. मूळ लेखात ‘जाता जाता चिमटा’ म्हणून सोडून दिलंत.

पहिली_घंटा

मुद्दाम सोडलं होतं, कारण राग आला की लांबण लागते. थोडक्यात लिहितो.

टाळ्या कुठे पडल्या हे मी त्या रात्री लक्ष देऊन ऐकलं. तान मोठी घेतली म्हणून पडल्या, हो, अशा दोन-तीन जागा होत्या. कुठे पडत नाहीत बापडे? पुण्यातही पडतात. पण ‘घेई छंद’च्या दुसऱ्या चालीचा मुखडा आला तेव्हा आधी टाळी नाही, एक हुंकार आला. सगळ्या थिएटरमधून. लोकांना शब्द ओळखीचे वाटले आणि चाल परकी वाटली, त्याच क्षणी दोन घराणी कळली. जिथे हुंकार यायला हवा तिथे हुंकार आणि जिथे टाळी हवी तिथे टाळी. याला भाबडं म्हणत असतील तर म्हणोत.

समीक्षकांना मी एवढंच विचारेन, तो हुंकार तुम्ही ऐकलात का? ऐकला असता तर ‘तेच पद पुन्हा’ असं लिहिता आलं नसतं.

पायपेटी

हा हुंकार साथीला बसलेल्याला पाठीवर जाणवतो. आम्ही प्रेक्षकांकडे पाठ करून किंवा आडवे बसतो ना.

@नवी_पेठ, एक गृहपाठ देऊ का? ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली लागोपाठ ऐका. आधी धानीतली, मग वसंतरावांची सालगवराळी. मधे दुसरं काही ऐकू नका. सालगवराळी मुळात कर्नाटक संगीतातला राग, अभिषेकींनी तो खाँसाहेबांच्या गळ्यात घातला. धानी आपल्याला घरातला वाटतो. सालगवराळीत कोमल रिषभ असा लागतो की पाय टेकायला जमीन सापडत नाही. पंडितजींच्या घरात नवा माणूस शिरलाय हे सुरांतच आहे. दिग्दर्शकाने काही न करताही.

जुना_प्रेक्षक

पायपेटी यांनी फार नेमके सांगितले. एवढेच जोडतो की त्या काळी रेकॉर्डवर पद आटोपते घ्यावे लागे. प्रयोगात वसंतराव ते कधीच तेवढ्यावर सोडीत नसत. आणि दोन दिवस लागोपाठ गेलात तर दोन वेगळी पदे ऐकल्यासारखी वाटत.

नवी_पेठ

गृहपाठ केला. दोन्ही ऐकल्या. धानीतली एकदा ऐकली, सालगवराळीतली पुन्हा पुन्हा लावली. यावरून काय ते ठरवा.

कविराजांचं गद्य मात्र कापायलाच हवं. त्यावरून हटणार नाही.

कडक_भाकरी

पुन्हा पुन्हा लावली म्हणजे वन्स मोअरच झाला की ताई.